पिण्यायोग्य

"मग अक्का, चार शब्द बोलायला हरकत काय आहे?"



रेवण मगदूमनं हातातला फोन त्यांच्या तोंडासमोर आणखी पुढं सरकवला. त्याला वाटलं, फोन एवढा जवळ आला म्हणजे माणूस काहीतरी बोलतंच.

अक्का तरीही बोलल्या नाहीत...

शांतव्वा अक्का जन्मापासून आंधळ्या. तांबरहाळच्या वेशीजवळ त्यांचा मठ. मठ आपलं म्हणायचं. कौलाचं एक लांबडं घर, पुढं पडवी, अंगणात नळ आणि बेलाचं झाड. अक्का तिथं आंधळ्यांना भजन शिकवत, आणि शिकायला आलेली माणसं बहुतेक तिथंच राहून जात. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणं, सगळं त्यांचं तेच करत. मठात डोळस माणूस एकही नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

रेवण लहानपणी याच पडवीत भजन शिकला. तो डोळस, पण गावात दुसरं शिकवणारं कुणी नव्हतं. गळा गोड, धीर मात्र औषधालाही नाही. अक्कांची ओळ संपायच्या आत हा पुढची उचलायचा. अक्का टाळ खाली ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. तेवढ्यानं तो ओशाळायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचा.

पुढं तो शिकला, संगणकात हुशार निघाला, आणि तांबरहाळ नगरपरिषदेची वेबसाइट त्याच्या हाती आली. ती त्यानं नव्यानं बांधली. आंधळ्यांना ऐकता यावी, हात थरथरणाऱ्यांना बटणं सापडावीत, कमी दिसणाऱ्यांना अक्षरं मोठी करता यावीत, अशी. मनापासून केली, यात खोटं काही नाही. 'अक्कांच्या मठासाठी करतोय,' असं तो सगळ्यांना सांगायचा. मठात येऊन विचारायचं मात्र राहून गेलं. घाई होती.

वेबसाइट तपासणारं एक यंत्र असतं. त्यानं हिला पैकीच्या पैकी गुण दिले. आज तिसऱ्या प्रहरी जिल्ह्याचे साहेब सभागृहात येऊन रेवणला प्रमाणपत्र देणार होते. त्या वेळी अक्कांचा आवाज लावायचा, एवढं एकच त्याच्या मनात होतं. आंधळ्या गुरूनं शाबासकी दिली म्हटल्यावर पुढं कोण काय बोलणार?

"काय बोलू?" अक्का शेवटी म्हणाल्या.

"एवढंच, की ही वेबसाइट म्हणजे आमचे डोळे आहेत."

अक्का हसल्या. मग त्यांनी आत हाक मारून गूळपाणी आणायला सांगितलं. दारी आलेल्याला आधी गूळपाणी, मग बोलणं, असा त्या भागातला रिवाज आहे.

दुंडाप्पा तांब्या आणि फुलपात्र घेऊन बाहेर आला. हा अक्कांचा सगळ्यात जुना शिष्य. पखवाज वाजवतो. रेवणपेक्षा थोडा मोठा. लहानपणी दोघं मांडीला मांडी लावून शिकले. त्यानं रेवणच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि फुलपात्रात पाणी ओतलं. धार काठाशी आली की आवाज बदलतो, तिथं तो थांबला. एक थेंब बाहेर सांडला नाही.

रेवणनं फुलपात्र उचललं, तोंडाजवळ नेलं... आणि खाली ठेवलं.

मग पिशवीतून विकतच्या पाण्याची बाटली काढली आणि तिचं टोपण पिळलं. कट् असा आवाज झाला.

अक्कांनी मान वर केली.

"आमचं पानी नको व्हय रे?"

रेवण क्षणभर अवघडला, पण लगेच खुलला. वेबसाइटचं गुणगान करायची आयती संधी चालून आली होती.

तसं नाही अक्का, तो म्हणाला. आज तुमच्या प्रभाग सातचं पाणी प्यायचं नाही ना. गटार फुटून पाण्याच्या पाइपात घाण शिरलीय. पहाटेच कळलं, आणि कळल्याबरोबर मी वेबसाइटवर टाकलं. पूर्वी घंटागाडीच्या भोंग्यावरून ओरडत फिरावं लागायचं. तो भोंगा आता मीच बंद करायला लावला. ज्याला दिसतं तो बघतो, ज्याला दिसत नाही तो ऐकतो, आणि...

इथं तो थांबला. दुंडाप्पा तांब्या धरून होता तसाच उभा होता.

"हे टँकरचं असेल," रेवण म्हणाला. "टँकरचंच ना?"

"नळाचं हाय."

"पण सूचना ऐकली असशील तू."

"ऐकली की. तूच म्हनालास, रोज ऐकत जावा."

"मग?"

"मग काय... ऐकली, आनि भरलं."



रेवणला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, दुंडाप्पाच्या ऐकण्यात झाली. हे दुसरं त्याला जास्त पटलं. तो म्हणाला, पुन्हा लाव बघू.

दुंडाप्पानं खिशातून फोन काढला आणि बोटानं चाचपला. फोनमधली बाई वाचू लागली. तिला कसली घाई नसते, कसली काळजीही नसते.

"आजचा पाणीपुरवठा. प्रभाग पाच. पाणी पिण्यायोग्य. प्रभाग सहा. पाणी पिण्यायोग्य. प्रभाग सात. पाणी पिण्यायोग्य."

रेवणनं फोन त्याच्या हातातून ओढूनच घेतला. पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं. पाचसमोर हिरवी बरोबरची खूण. सहासमोर हिरवी खूण. सातसमोर लाल फुली, चांगली ठसठशीत.

"ही काय फुली. ही बघ ना, इथं..."

त्यानं फुलीवर बोट ठेवून फोन दुंडाप्पाच्या डोळ्यांपुढं धरला. दुंडाप्पाचा चेहरा होता तसाच राहिला. म्हणून मग त्यानं तो अक्कांच्या डोळ्यांपुढं धरला.



रेवणचं बोट फुलीवर तसंच होतं. मग आपण काय करतोय ते त्याच्या ध्यानात आलं. चटका बसावा तसं त्यानं बोट मागं घेतलं, आणि फोन मांडीवर उपडा ठेवून दिला.

ही फुली तिथं कशी आली, ते सांगायला हवं.

आधी तिथं सरळ शब्दच होते. 'पाणी पिण्यायोग्य नाही.' पण फोनच्या अरुंद पडद्यावर ती ओळ मावायची नाही. 'नाही' तेवढं एकटं खालच्या ओळीत जाऊन लोंबायचं. रेवणला ते गबाळं वाटलं. म्हणून त्यानं 'नाही' काढून टाकलं आणि हिरव्या-लाल खुणा आणल्या. बघणाऱ्याला झटकन कळतं, अक्षरओळख नसलेल्यालाही कळतं. इथपर्यंत त्याचं काही चुकलं, असं मला वाटत नाही.

चुकलं ते पुढं. वेबसाइटवरच्या प्रत्येक चित्राला एक नाव द्यायचं असतं. वाचणारी बाई ते नाव उच्चारते. चित्र नुसतं शोभेचं असेल तर नाव कोरं ठेवायचं, म्हणजे ती त्याला ओलांडून पुढं जाते. रेवणनं पानाच्या कडेची वेलबुट्टी, नगरपरिषदेच्या कमानीचं चित्र आणि या खुणा, सगळ्यांना एका दमात कोरं नाव देऊन टाकलं. तपासणाऱ्या यंत्राला कोरं नाव चालतं. त्याला कुठं ते पाणी प्यायचं असतं?

अशी फुली वेलबुट्टीत गेली आणि प्रभाग सातचं पाणी पिण्यायोग्य झालं.

"सगळेजण प्यायले?" रेवणनं विचारलं.

घराच्या आत कुणीतरी ओकत होतं. तो आवाज मघापासून येत असणार, पण रेवण आल्यापासून एकटाच बोलत होता, म्हणून त्याला ऐकू आला नव्हता.

अक्कांनी सांगितलं, इराप्पा आणि म्हातारी चेन्नव्वा सकाळपासून उलट्यांनी बेजार आहेत. आम्हाला वाटलं, कालचं ताक बाधलं. अंगातलं पाणी कमी होऊ नये म्हणून दोघांना सारखं पाणी पाजतोय.



"हेच पाणी?"

"दुसरं कुठलं असनार?"

"आणि तुम्ही, अक्का?"

"मी बी प्याले की. तुझी बाई म्हनाली, पिण्यायोग्य."

ग्रामीण रुग्णालयाचा नंबर रेवणला पाठ होता, तोही आठवेना. शेवटी लागला. त्यानं गाडी पाठवायला सांगितलं, आणि काय झालंय हे विचारल्यावर, पाणी, पाणी, एवढंच म्हणत राहिला. आत जाऊन त्यानं हंडे, घागरी, माठ, दिसेल ते भांडं मोरीत पालथं केलं.

तो बाहेर आला तेव्हा दुंडाप्पा खांबाला टेकून मटकन खाली बसलेला होता. रेवणला वाटलं, आता हाही गेला. पण दुंडाप्पाला पोटात काही होत नव्हतं. त्याला सकाळची गोष्ट आठवली होती.

शेजारी सिद्राम नावाचा गवंडी राहतो. जन्मापासून बहिरा, त्यामुळं बोलणंही नाही. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आकडे तेवढे ओळखतो. दुंडाप्पाला दिसत नाही आणि सिद्रामला ऐकू येत नाही, तरी दोघांची दोस्ती अशी की गावानं हेवा करावा. एकमेकांच्या तळव्यावर बोटानं खुणा काढून ते बोलतात. गोल म्हणजे भाकरी, नागमोडी रेघ म्हणजे चल नदीवर.

आज सकाळी दुंडाप्पा नळावर होता. सिद्राम धावत आला आणि भरलेली घागर त्यानं लाथेनं लवंडली. दुंडाप्पानं पुन्हा भरली. सिद्रामनं पुन्हा लवंडली. मग त्यानं दुंडाप्पाचा हात ओढला आणि तळव्यावर दोन तिरक्या रेघा काढल्या. एकीवर एक. पुन्हा पुन्हा काढल्या, नख लागेपर्यंत.

"फुली," दुंडाप्पा म्हणाला. "फुली मारली म्हनजे दोस्ती तुटली. आमच्यात ल्हानपनापासनं ह्योच अर्थ. मी म्हटलं, माझं काय चुकलं बाबा... लई राग आला. ढकलला त्याला. पडला त्यो."

तो थोडा वेळ तळवा चोळत बसला.

"त्यो मला पिऊ नको म्हनत हुता, रेवणा."

सिद्रामला फुली दिसली, फुली कळली, त्यानं पाणी भरलं नाही आणि मित्राला अडवायला धावला. ज्याचा विचारही रेवणच्या मनात कधी आला नव्हता, त्याला वेबसाइट नेमकी पोचली होती. आणि ज्यांच्या नावानं ती बांधली, ज्यांच्या नावानं आज प्रमाणपत्र मिळणार होतं, ते आत ओकत होते. गावातल्या बाकीच्यांनी मठाला वेगळं काही सांगितलं नाही. मठासाठी तर वेबसाइट आहे, असंच सगळ्यांना वाटलं. ते त्यांना रेवणनंच सांगितलं होतं.

"हे मी केलं," तो म्हणाला.

नाही रे, असं त्याला कुणी म्हटलं नाही.

"रेवण," अक्का म्हणाल्या, "आपल्या बोलीत 'न्हाई' कुठं येतंय?"

"काय?"

"बोलताना 'न्हाई' कुठं येतंय?"

"...शेवटी."

"म्हनून शेवटपातूर थांबायचं असतंय. तू त्योच शेवट कापलास. लिही परत."

रेवण तिथंच फोन घेऊन बसला. त्याला स्वतःचा भयंकर राग आला होता आणि तो त्यानं फुलीवर काढला. खुणांचा अख्खा रकानाच उडवून दिला. लाल गेली, हिरव्याही गेल्या. त्या जागी शब्द बसवले. 'पाणी पिण्यायोग्य नाही.' 'नाही' पुन्हा खालच्या ओळीत लोंबायला लागलं. लोंबू दे, तो स्वतःशी म्हणाला. दुंडाप्पाच्या फोनवर लावून पाहिलं. बाई त्याच थंड आवाजात म्हणाली, "प्रभाग सात. पाणी पिण्यायोग्य नाही."

"झालं, अक्का."

"सकाळी ऐकून पानी भरलेलं मानूस आता परत कशाला ऐकंल?"

असं आणखी कोण कोण आहे, ते दुंडाप्पानं सांगितलं. बुरूड गल्लीतली यल्लव्वा, जिला तान्हं मूल आहे. साखरेच्या दुखण्यानं नजर गेलेले पोस्टातले जोशी. चावडीमागचे दोघे भाऊ. सगळ्यांना वेबसाइट ऐकायला दुंडाप्पानंच शिकवलं होतं.

अक्कांनी आतून हलगी मागवली. चाचपून ती रेवणच्या गळ्यात अडकवली, टिपरू त्याच्या हातात दिलं, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

रेवणच्या अंगात सभागृहासाठी घातलेला पांढरा, कडक इस्तरीचा शर्ट होता. त्याचा फोन वाजत होता. साहेब आले असणार. त्यानं तो बंद केला आणि हलगी बडवत प्रभागात शिरला.

ऐका हो ऐका, नळाचं पाणी पिऊ नका. हेच तो गल्लीगल्लीत ओरडत गेला. लोकांना आधी गंमत वाटली. प्रमाणपत्राची वरात निघाली काय, असं कुणीतरी विचारलंही. मग त्याचं तोंड बघून लोक हसायचे थांबले. पोस्टातल्या जोशींनी दोन पेले आधीच घेतले होते. त्यांना त्यानं रिक्षात घालून रुग्णालयात धाडलं. यल्लव्वा मुलाला पाजायला वाटी-चमचा घेऊन नुकती बसली होती. हलगी दारात येऊन थांबली तशी तिनं वाटी खाली ठेवली आणि मुलाला छातीशी धरलं. रेवण तिच्या उंबऱ्यावर उभा राहून रडला. तिला ते दिसलं नाही, पण ऐकू गेलं असणार.

रुग्णालयाची गाडी त्याच्यासमोरूनच गेली. आत इराप्पा आणि चेन्नव्वा होते. अक्का गाडीत बसल्या नव्हत्या. मला काही होत नाही, जागा आजाऱ्यांना द्या, म्हणाल्या होत्या.

उन्हं कलली तेव्हा रेवण मठात परतला. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. घसा असा बसला होता की शब्द नुसते वाऱ्यासारखे बाहेर येत होते. रुग्णालयातून निरोप आला होता. दोघांना सलाईन लावलं आहे, इराप्पा शुद्धीवर आहे, म्हातारीचं उद्यापर्यंत सांगता येत नाही.

तो अक्कांच्या पायाशी बसला.

माणसाची एक गंमत आहे. चुकलं की खचतो, आणि जरा सावरला की लगेच फुगतो. रेवण आता सावरला होता. तो अक्कांना म्हणाला, माझा डोळ्यांचा माज आज उतरला. आता चित्र नको, रंग नको, खूण नको. पाण्याच्या पानावरची फुली मघाशीच पुसली, उद्या बसून सगळ्या वेबसाइटवरची एकूण एक खूण पुसून काढतो. जे सांगायचं ते शब्दांत, शेवटच्या 'नाही'पर्यंत. तुम्ही मला आज शिकवलंत.

अक्का ऐकत होत्या.

"आणि प्रभागात घरोघर जाऊन आलो. एकाही माणसाला सोडलं नाही."

"एकाला बी?"

"एकालाही नाही, अक्का."

तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं.

सिद्राम आत आला. खांद्यावर भरलेली घागर होती. सकाळी पडला होता त्याचं कोपर खरचटलेलं होतं, पण तोंडभर हसू होतं. त्यानं पडवीच्या पायरीवर घागर ठेवली आणि दुंडाप्पासमोर उकिडवा बसला. दुंडाप्पाचा हात त्यानं आपल्या हातात घेतला. तळवा उलगडला. आणि आपल्या तळव्यानं तो हलकेच पुसला... पुन्हा एकदा पुसला.

दुंडाप्पाचे डोळे भरून आले. फुली पुसली, तो म्हणाला. अक्का, त्यानं फुली पुसली. दिवसभर जे त्याच्या मनाला खात होतं ते गेलं. घागरीतलं पाणी टँकरचं असणार, असंच त्यानं धरलं. त्याच्यासाठी मित्र पाणी घेऊन आला होता, एवढं पुरेसं होतं.

सिद्रामनं घागरीत फुलपात्र बुडवलं. आधी स्वतः प्याला, घटाघटा, सगळं. बघ, काही होत नाही, असं दाखवायला प्यायल्यासारखं. मग दुसरं भरून दुंडाप्पाच्या हातात दिलं.

सिद्रामच्या घरी टँकर आलेला नव्हता. त्याच्या घरावरून रेवण स्वतः हलगी वाजवत गेला होता, आणि सिद्राम दारात बसून शांतपणे विडी ओढत होता, ते रेवणला आता आठवलं.

तो ओरडला. आवाज फुटला नाही, आणि फुटला असता तरी सिद्रामला ऐकू गेला नसता. तो धडपडत उठला, सिद्रामसमोर गेला आणि त्यानं दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर तिरकी धरली. फुली. त्याच्या नाकासमोर धरली.

सिद्रामनं कपाळाला आठ्या घातल्या. नाही, अशी मान हलवली. मग खिशातून फोन काढला, नगरपरिषदेचं पान उघडलं, आणि सातच्या आकड्यापुढं बोट ठेवून फोन रेवणच्या डोळ्यांसमोर धरला.

तिथं अक्षरं होती. फुली नव्हती.

सिद्राम रेवणकडं बघून हसला. तुझ्याच नगरपरिषदेचं आहे, बघ ना, अशा अर्थानं त्यानं बोट पुन्हा त्या जागेवर आपटलं.

रेवणची बोटं हवेत तशीच राहिली...

दुंडाप्पा फुलपात्र हातात धरून विचारत होता, काय झालं रेवणा, कुणी बोलत का नाही? रेवणच्या गळ्यातून सूं सूं असा आवाज तेवढा निघत होता.

अक्कांनी पाण्याचे घोट ऐकले होते. पाठोपाठची शांतताही ऐकली होती. त्या उठल्या, खांबाला धरून पुढं आल्या. दुंडाप्पाचा हात चाचपून त्यातलं फुलपात्र त्यांनी काढून घेतलं आणि पाणी अंगणात ओतून टाकलं.

मग रेवण जिथं उभा होता तिकडं त्यांनी तोंड वळवलं.

"न्हाई लिही म्हटलं हुतं, बाळ... फुली पूस म्हनून कुनी सांगितलं?"